कातरवेळी जन्मलेला देव

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



रामजन्म भर दुपारी बारा वाजता. कृष्णजन्म मध्यरात्री. मारुतीरायाचा सूर्योदयाला. आणि आपल्या दत्तमहाराजांचा जन्म मार्गशीर्ष पौर्णिमेला, सूर्य मावळताना. आमच्या पेठेतल्या मंदिरात मी तीस-पस्तीस वर्षं त्या वेळी हजर राहिलो. बँकेत असताना कॅश जुळली की धावतपळत यायचो, सुंठवडा घ्यायचो, पाळण्याची दोरी एकदा ओढायचो आणि घरी. हीच वेळ का, असा प्रश्न तेव्हा मला कधीच पडला नाही. तो पडला चार वर्षांपूर्वी. त्या वर्षी मी मंदिरात गेलोच नव्हतो.

त्या आधीच्या उन्हाळ्यात सौभाग्यवती गेली. उन्हाळा, पावसाळा कसा निघाला ते कळलं नाही. माणसं येत होती, कागदपत्रं होती, वारसाचे फॉर्म होते. लोकांना म्हणायचो, मी सावरलो आहे. दिवाळी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि थंडी पडली. मग लक्षात आलं की सावरणं वगैरे काही झालेलं नाही.

सकाळी जाग यायची पण पांघरूण दूर करायला हात उठायचा नाही. आठ वाजायचे, नऊ वाजायचे. दुपार कशीतरी जायची. खरी कठीण वेळ संध्याकाळी साडेपाचनंतरची. पुण्यात डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. सगळ्या सोसायटीतल्या खिडक्या धडाधड बंद होतात, डास आणि गारठा दोन्ही आत येऊ नयेत म्हणून. उन्हाळ्यात त्याच वेळी जिन्यात पोरांचा दंगा असतो, गॅलरीत माणसं उभी असतात. थंडीत एकदम सामसूम. दिवा लावायला उठायला हवं हे कळायचं आणि मी अंधारातच बसून राहायचो. जुन्या बायका या वेळेला कातरवेळ म्हणायच्या. लहानपणी वाटायचं हा नुसता शब्द आहे. तो शब्द किती मोजूनमापून ठेवलेला आहे ते त्या वर्षी समजलं.

आता पुण्याची थंडी ती काय, असं कोणी म्हणेल. शिमला ऑफिसच्या हवामान खात्याच्या नोंदीत शिवाजीनगरचं सगळ्यात कमी तापमान १७ जानेवारी १९३५ चं आहे, १.७ अंश. एरवी आपण आठ-नऊ अंशांवरच कानटोप्या काढतो. सारसबागेतल्या गणपतीबाप्पालासुद्धा आपण स्वेटर आणि टोपी घालतो! दिवसही फार लहान होतो असं नाही. जूनमधला सगळ्यात मोठा दिवस आणि डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवस यांत आपल्याकडे जेमतेम दोन-सव्वादोन तासांचा फरक. माझा भाचा एडिंबरोला असतो. तिथे डिसेंबरात दिवस सात तासांचा. दुपारी पावणेचारच्या आत अंधार. अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल नावाच्या मानसरोगतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये या हिवाळी औदासीन्याचं रीतसर वर्णन करून त्याला आजाराचं नाव दिलं. हे गृहस्थ मूळचे दक्षिण आफ्रिकेतले, म्हणजे उन्हातले. अमेरिकेतल्या हिवाळ्याचा त्रास त्यांनी स्वतःच भोगला होता. तिकडे सकाळी अर्धा तास दहा हजार लक्सच्या प्रखर दिव्यासमोर बसवतात. भाचा म्हणाला, "मामा, तुम्हाला दिवा पाठवू का?" मी म्हटलं, अरे, आमच्याकडे ऊन फुकट आहे, बसणारा माणूस कुठून आणायचा ते सांग.

खरंच तसं आहे. आपल्याकडे ऊन कमी पडत नाही. आपण दार लावून घेतो. गुडघे आखडलेले असतात, सर्दी-खोकल्याची भीती असते, पहाटेचं फिरणं बंद होतं, कट्ट्यावरची बैठक मोडते. आणि ज्याच्या घरात बोलायला दुसरं माणूस नाही, त्याला महिनाभरात आपला आवाजसुद्धा परका वाटायला लागतो.

त्या मार्गशीर्षात मी श्रीगुरुचरित्राचा सप्ताह नेहमीप्रमाणे घरी मांडला. पहिल्या दिवशी नऊ अध्याय, दुसऱ्या दिवशी एकवीसपर्यंत, असा आमच्या घरचा क्रम. पहिला दिवस पार पडला. दुसऱ्या दिवशी तेराव्या अध्यायाशी आलो आणि पोथी मिटली. इतकी वर्षं सौ. आत स्वयंपाक करता करता ऐकायची आणि मध्येच म्हणायची, "अहो, जरा मोठ्यानं." त्या दिवशी मी वाचत होतो आणि कोणी मोठ्यानं वाचायला सांगत नव्हतं. पारायण अर्धवट राहिलं. हे पहिल्यांदाच आज लिहितो आहे.

त्याचं ओझं फार झालं. त्यात एका परिचितांनी फोनवर ऐकवलं, "तुमच्यासारख्या दत्तभक्ताला उदास वाटतं? श्रद्धा कमी पडतेय." ते भलं मनात धरूनच बोलले असतील. पण त्या वाक्यानं मला आणखी आत ढकललं. म्हणजे मन तर गेलंच होतं, आता भक्तीही गेली, असा त्याचा अर्थ मी लावला.

मंडळी, या वाक्यावर मी पुढे पुष्कळ विचार केला आहे, आणि ते साफ चूक आहे असं माझं मत आहे. भगवद्गीतेच्या पहिल्याच अध्यायाचं नाव अर्जुनविषादयोग. विषादालाही योग म्हटलं आहे, आणि भगवंतांनी पुढचे सतरा अध्याय विषाद झालेल्याच माणसासाठी खर्च केले. समर्थांच्या करुणाष्टकांत काय आहे? टेंबेस्वामींची करुणात्रिपदी आपण मंदिरात म्हणतो, ती काय मजेत असलेल्या माणसाची प्रार्थना आहे? आपल्या गुरुचरित्रात तर जीव नकोसा झालेली माणसं पानोपानी भेटतात. आठव्या अध्यायात कुरवपूरला एक आई आपल्या मंदबुद्धी मुलाला घेऊन नदीत जीव द्यायला निघाली आहे. तेराव्यात गोदावरीकाठी पोटदुखीनं गांजलेला ब्राह्मण त्याच विचारानं आला आहे. दोघांनाही गुरूंनी थांबवलं. आणि दोघांपैकी एकालाही, तुझी श्रद्धा कुठे गेली, असं विचारलं नाही. मी हे दोन्ही अध्याय त्या नजरेनं पुन्हा पाहिले आहेत. जीव देणं बरं नव्हे, हे ते बजावून सांगतात; पण माणसाला हिणवत नाहीत.

मग काय केलं? त्या आईला श्रीपाद श्रीवल्लभांनी शनिप्रदोषाचं व्रत सांगितलं. प्रदोष म्हणजे काय? सूर्यास्ताची वेळ. आपलीच कातरवेळ! ज्या वेळी मन सगळ्यात खचतं, नेमक्या त्या वेळी हाताला काम दिलं: दिवा लाव, पाणी आण, बेल वाहा. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा दत्तजन्माच्या वेळेचं कोडंही मला थोडं सुटल्यासारखं झालं. शास्त्रार्थ काय असेल तो जाणकार सांगतील, मी आपला कॉमर्सचा माणूस. पण घराघरांत माणसं मान खाली घालून बसलेली असतात त्याच घटकेला महाराज पाळण्यात येतात, आणि सगळ्या पेठेला घराबाहेर पडून दोरी ओढायला यावं लागतं, एवढं मला दिसतं.

पोटदुखीच्या ब्राह्मणाची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. त्याला अन्नच सोसत नव्हतं. नृसिंहसरस्वती स्वामींनी त्याला जवळ बोलावलं, एवढ्यात तिथे सायंदेव आला. हा परक्या राजवटीत नोकरी करणारा गृहस्थ, म्हणजे आपल्यासारखाच नोकरदार. स्वामींनी त्याला सांगितलं, याला घरी ने आणि पोटभर जेवू घाल. तेही काय? अपूप, उडीद, दूध, असलं जड! सायंदेव घाबरला. हा महिन्यातून कधीतरी जेवणारा माणूस, याला एवढं वाढलं आणि काही झालं तर पाप माझ्या माथी. स्वामी म्हणाले, चिंता करू नकोस. मग सायंदेवानं स्वामींनाही घरी भिक्षेला बोलावलं, शिष्यही आले, पंगत बसली आणि त्या पंगतीत तो माणूस जेवला. त्याची व्यथा गेली.

आता बघा. स्वामी समर्थ होते, त्यांनी नुसता हात ठेवला असता तरी भागलं असतं. पण त्यांनी त्या माणसाला दुसऱ्या माणसाच्या हाती दिलं. एकट्याला घाटावर बरं केलं नाही, पंगतीत बसवून बरं केलं. आणि सायंदेव कोणत्या अवस्थेत होता? पुढचाच अध्याय वाचा. त्याच दिवशी त्याला त्याच्या क्रूर धन्याचं बोलावणं होतं. आपण जिवंत परत येत नाही, हे तो मनाशी धरून चालला होता. स्वतःच्या डोक्यावर असं संकट असताना त्यानं आधी दुसऱ्याला घरी नेऊन वाढलं, आपलं दुःख नंतर सांगितलं. दत्तजन्माच्या मूळ कथेतही अनसूयामातेकडे तीन अतिथी आले ते भिक्षा मागतच आले, आणि तिनं बाळं करून त्यांना जवळ घेतलं, पाजलं. आपल्या संप्रदायात जेवू घालण्याला उगीच एवढी जागा नाही.

माझा सायंदेव कोण, ते सांगतो. आमच्या मंदिराचा जमाखर्च पाहणारे एक गृहस्थ आहेत, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. मी त्यांना अण्णा म्हणतो. दत्तजयंतीला मी दिसलो नाही म्हणून दोन दिवसांनी संध्याकाळी बरोबर साडेपाचला दारात उभे. घरात अंधार होता, त्यावर काही बोलले नाहीत. स्वतः बटण शोधून दिवा लावला. म्हणाले, "अरे, उत्सवाचा हिशेब जुळत नाहीये. दोनशे सत्तर रुपयांचा फरक येतोय. चल, बघून दे."

मी म्हटलं, अण्णा, आज नको. म्हणाले, "बरं, मग फरक घेऊन झोपू का?"

बँकेतल्या माणसाला हे वाक्य झोंबतं. उठलो, मफलर गुंडाळला आणि गेलो. चालता चालता डोकं आपोआप सुरू झालं. दोनशे सत्तरला नवानं भाग जातो. फरकाला नवानं पूर्ण भाग गेला की पहिला संशय एकच, कुठेतरी दोन आकडे उलटे पडलेत. मंदिराच्या ऑफिसात तासभर वह्या चाळल्या आणि सापडलं: फुलांचं बिल ३,५२० चं, खतावणीत ३,२५०. आत आरती सुरू झाली होती. टाळांचा आवाज येत होता आणि मी पेन्सिलीनं खूण करत होतो. अण्णांच्या घरून डबा आला होता. बाजरीची भाकरी, घेवड्याची भाजी, लोणी. वाडीला स्वामींनी गरीब ब्राह्मणाच्या दारचा घेवडा आवडीनं खाल्ला म्हणून आपण तो नैवेद्याला करतो. मला भूक नव्हती. पण अण्णा समोर बसले आणि जेवून होईपर्यंत उठले नाहीत.

त्या एका संध्याकाळनं मी बरा झालो असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. घरी आलो आणि परत तसाच बसलो. पण दुसऱ्या दिवशी साडेपाचला अण्णा पुन्हा आले, आता पावतीपुस्तकं तपासायची होती. त्यांनीच मला डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, बी-बारा अगदी तळाला गेलेलं निघालं. आपल्या शाकाहारी, वयस्कर मंडळींत हे फार आढळतं, आणि त्यानंही मन मरगळतं. पुढे मानसोपचारतज्ज्ञांचं औषध सात-आठ महिने घेतलं. लाज वाटली का? वाटली. औषधाच्या दुकानात चिठ्ठी घडी करून द्यायचो. रक्तदाबाची गोळी मी वीस वर्षं उघड घेतो, ही मात्र लपवून, याचं आता हसू येतं. ज्यांना कोणाला असं होत असेल, विशेषतः जगणं नको असा विचार येत असेल, त्यांनी घरच्यांना सांगावं, डॉक्टरांकडे जावं. सरकारची टेलिमानस ही सेवा आहे, १४४१६ या नंबरवर रात्री-बेरात्री फोन केला तरी चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. गुरुचरित्रातला ब्राह्मण सायंदेवाबरोबर गेला, मला तुझी गरज नाही म्हणून घाटावर अडून बसला नाही, हेही ध्यानात ठेवावं.

बरं, आपल्या पूर्वजांना ही थंडीची मरगळ माहीत नव्हती असं मला वाटत नाही. तसं नसतं तर या दोन महिन्यांत त्यांनी एवढी दाटी कशाला केली असती? चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि रोडगा. मार्गशीर्षातले गुरुवार. दत्ताचा सप्ताह. मग धुंधुरमास, म्हणजे ऐन कडाक्यात पहाटे उठून सूर्य उगवता उगवता मुगाची खिचडी, कढी, बाजरीची भाकरी. आमची आजी धुंधुरमासाला शेजारच्या चार घरांतल्या पोरांना काळोखातून उठवून आणायची. भोगीला लेकुरवाळी भाजी, संक्रांतीला तिळगूळ घेऊन घरोघर. यातलं एकही एकट्यानं, पांघरुणात बसून करता येत नाही. वडीलधारी मंडळी विचारतात की मन लागत नाही, मग कर्मकांड कशाला? माझा अनुभव असा की मन लागल्यावर जायचं म्हटलं तर जाणं होत नाही. पाय आधी जातात. मन मागून, कधी कधी चार दिवसांनी, पोचतं.

मात्र हट्ट नको. काकड आरतीला आलंच पाहिजे म्हणून सत्तरीतली माणसं पाच वाजता गार पाण्यानं अंघोळ करून येतात. थंडीत रक्तवाहिन्या आखडतात, रक्तदाब चढतो, हृदयाला त्रास असलेल्यांनी हा पराक्रम करू नये. कोमट पाण्यानं अंघोळ करावी, कान-छाती झाकून ऊन पडल्यावर यावं. पुण्यात जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य सात वाजून गेल्यावरच उगवतो, बावीस डिसेंबरनंतर सकाळ लगेच लवकर होईल असं नाही. सोवळ्यात थंडी वाजते म्हणून पारायण टाळणाऱ्यांना आठवण करून देतो की धाबळी लोकरीची असते आणि सोवळ्याला चालते. लोकरीत बसून पोथी वाचणं ही आजची पळवाट नाही, जुनीच रीत आहे. आणि ज्याला बसवतच नाही, त्यानं दुसऱ्यानं वाचलेलं ऐकावं. अवधूतांनी चोवीस गुरू केले, त्यांत सूर्य आहे तसा अजगरही आहे. जागचा न हलता समोर येईल ते घेणारा. त्या हिवाळ्यात चोवीसांपैकी तेवढा एकच गुरू मला झेपत होता.

दत्तजयंतीच्या संध्याकाळची आणखी एक गोष्ट आहे. ती माझ्या इतकी वर्षं लक्षात आली नव्हती. पौर्णिमा असल्यामुळे पश्चिमेला सूर्य मावळत असतो त्याच सुमाराला पूर्वेला चंद्र वर येत असतो. आणि वर्षातले दिवस सगळ्यात लहान असतात तेव्हाचा पौर्णिमेचा चंद्र आकाशात सगळ्यात जास्त वेळ राहतो, वरही खूप चढतो. आमच्या पेठेत आता इमारतींमुळे तो उगवताना दिसत नाही. पाळणा झाल्यावर प्रसाद घेऊन बाहेर आलं की अर्ध्या-पाऊण तासानं समोरच्या गच्चीच्या टाकीवर येतो. यंदा बघा.

हा लेख लिहितो आहे तेव्हा कार्तिक सरत आला आहे. अण्णा आता ऐंशीच्या आसपास आहेत. गुडघ्यांमुळे जिना उतरत नाहीत, दिवाळीपासून मंदिरात आलेले नाहीत. वहिनी सांगत होत्या, दुपारभर पडून असतात, बोलत नाहीत, पेपरही उघडत नाहीत. काल संध्याकाळी गेलो होतो. मी म्हटलं, अण्णा, जयंतीला रिक्षा दारात आणतो, दोघं मिळून खुर्चीवरून खाली उतरवतो. म्हणाले, "थंडी फार आहे रे. नको." चहा झाला, तरी पुढे बोलले नाहीत.

आज उत्सवाच्या वर्गणीची वही बरोबर नेणार आहे. बेरीज मी दोनदा केली आहे, बरोबर आहे. पण त्यांच्यासमोर ठेवतो आणि एकदा बघून द्या म्हणतो. साडेपाचला.